आधी विहीर, मग बेट

मालवणच्या समुद्रातला सिंधुदुर्ग किल्ला पाहायला शाळेची सहल गेली, की मुलांना एक आश्चर्य हमखास दाखवले जाते. चारी बाजूंना खारा समुद्र आणि किल्ल्याच्या आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. ‘‘सर, समुद्राचं पाणी या विहिरीत का शिरत नाही?’’ असा प्रश्न एखादा तरी विद्यार्थी विचारतोच. किल्ल्याची जागा निवडणाऱ्यांच्या दूरदृष्टीचे कौतुक करून आपण बहुधा तिथेच थांबतो. ते कौतुक योग्यच आहे, पण त्याने प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. हा प्रश्न भूजलाचा आहे आणि तो नीट सोडवला, तर आज जगातल्या अनेक छोट्या बेटांवर ओढवलेले संकट समजून घेता येते.

दुसरा एक प्रश्न वरच्या वर्गातली मुले विचारतात. ‘‘मालदीव बुडणार, मालदीव बुडणार असं किती वर्षं ऐकतोय. अजून बुडलं कसं नाही?’’ हाही प्रश्न प्रामाणिक आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस वर्तमानपत्रांतून ‘तीस वर्षांत बेटे पाण्याखाली’ अशा बातम्या छापून आल्या होत्या. तीस वर्षे उलटून गेली. बेटे आहेत, त्यांवर माणसे राहत आहेत, पर्यटकांची गर्दी आहे. मग हवामानबदलाचे सगळे बोलणे खोटे समजायचे काय? या मुलाला गप्प बसवणे सोपे आहे, पण शिक्षकाने तसे करू नये. त्याला देण्याजोगे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आपण या लेखात करू.

एकाच उगमाचे दोन प्रदेश

मालदीव हा देश नकाशावर शोधायला कठीण आहे. लक्षद्वीपच्या दक्षिणेला, सुमारे ७ अंश उत्तर अक्षांशापासून विषुववृत्त ओलांडून थोडा दक्षिणेपर्यंत, सुमारे १,२०० छोट्या बेटांची ही रांग आहे. सगळ्या बेटांची जमीन एकत्र केली तरी ती ३०० चौरस किलोमीटरच्या आसपासच भरते. वस्ती १९० च्या आसपास बेटांवर आहे. २०२२ च्या जनगणनेनुसार परदेशी कामगार धरून लोकसंख्या पाच लाखांच्या थोडी वर आहे. देशाची ८० टक्क्यांहून अधिक जमीन सरासरी समुद्रपातळीपासून एक मीटरच्याही आत आहे. आपल्या वर्गातल्या टेबलाची उंची सुमारे पाऊण मीटर असते, हे लक्षात घेतले की या आकड्याचा अर्थ कळतो.

हा देश आपल्याला परका वाटला, तरी त्याचे आपल्याशी जुने नाते आहे. तिथली धिवेही भाषा मराठीसारखीच आर्यभाषाकुळातली आहे. आपल्या लक्षद्वीपमधल्या मिनिकॉय बेटावरही तीच बोलली जाते. ‘धिवेही’ या शब्दाच्या मुळाशी ‘द्वीप’ हा शब्द आहे. आपण ‘फुटकी कवडी’ आणि ‘कवडीमोल’ म्हणतो. एके काळी चलन म्हणून भारतात आलेल्या कवड्यांचा फार मोठा भाग मालदीवच्या उथळ समुद्रातून गोळा झालेला असे. चौदाव्या शतकात तिथे काझी म्हणून राहिलेल्या इब्न बतूताने या व्यापाराचे वर्णन करून ठेवले आहे.

त्याहूनही जुने नाते दगडाचे आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या एका ‘तप्तस्थळा’वरून भारताचा भूखंड सरकत होता. त्या वेळी बाहेर पडलेल्या लाव्हाच्या थरांनी सह्याद्रीचा आणि दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण बनला. भूखंड उत्तरेकडे सरकत राहिला, तप्तस्थळ मात्र जवळपास जागच्या जागीच राहिले. त्यामुळे त्याच्यावरून पुढे गेलेल्या समुद्रतळावर ज्वालामुखींची रांग उमटत गेली. लक्षद्वीप, मालदीव आणि चागोस ही त्या रांगेतली ठिकाणे. आज ते तप्तस्थळ रेयुनियों बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही जागृत आहे.

मग मालदीवमध्ये काळा पाषाण का दिसत नाही? कारण ते ज्वालामुखी थंड होत होत खाली खचले. त्यांच्या कडेने उथळ पाण्यात वाढणारे प्रवाळ मात्र सूर्यप्रकाशासाठी वरवर वाढत राहिले. मूळ डोंगर बुडाला आणि त्याच्या भोवतीचे प्रवाळांचे कडे उरले. चार्ल्स डार्विनने १८४२ साली प्रवाळभित्तींवरील आपल्या ग्रंथात ही कल्पना मांडली. मालदीवच्या जुन्या ज्वालामुखीवर आज सुमारे दोन किलोमीटर जाडीचा चुनखडक साठलेला आहे. अशा कंकणाकृती रचनेला जगभर ‘अ‍ॅटॉल’ म्हणतात. हा शब्द धिवेही भाषेतूनच जगाला मिळाला.

येथे एक गोष्ट ठळकपणे लक्षात येते. पायाखालची जमीन लाखो वर्षे खचत असतानाही हे प्रवाळ तग धरून राहिले. म्हणजे समुद्रपातळी बदलली की प्रवाळद्वीप संपलेच, असे नाही. खरा प्रश्न वेगाचा आहे. पाणी किती वेगाने चढते आणि प्रवाळ किती वेगाने वाढतात, याची ही शर्यत आहे.

माशाने घडवलेली वाळू

प्रवाळभित्ती म्हणजे बेट नव्हे. भित्तीच्या माथ्यावर लाटांनी जमा केलेली वाळू आणि प्रवाळांचे तुकडे यांचा ढीग म्हणजे बेट. या वाळूत नदीने आणलेला गाळ नाही, कारण तिथे नदीच नाही. ही वाळू सजीवांनी बनवलेली आहे. पोपटमासा आपल्या चोचीसारख्या दातांनी प्रवाळखडक खरवडतो, त्यावरचे शैवाल पचवतो आणि खडकाचा चुरा विष्ठेवाटे बाहेर टाकतो. मालदीवमधल्या वक्कारू या बेटाभोवती २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की तिथे नव्याने तयार होणाऱ्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून अधिक वाळू पोपटमाशांनी बनवलेली होती.

ही वाळू एका जागी राहत नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात ती बेटाच्या पूर्वेकडे सरकते, ईशान्य वाऱ्यांच्या काळात परत येते. पुळणी बेटाभोवती हिंडत असतात. म्हणून अशा बेटाकडे पाण्यात ठेवलेल्या दगडासारखे न पाहता नदीतल्या वाळूच्या बांधासारखे पाहायला हवे. तो झिजतो, भरतो आणि जागा बदलतो.

या दृष्टीने बेटे मोजली तेव्हा शास्त्रज्ञांनाही आश्चर्य वाटले. जुनी हवाई छायाचित्रे आणि नवी उपग्रहचित्रे ताडून पाहण्याचे काम पॉल केन्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. २०१९ सालच्या एका आढाव्यात हिंदी आणि पॅसिफिक महासागरांतल्या ३० अ‍ॅटॉलवरील ७०९ बेटांची माहिती एकत्र केली गेली. त्यांपैकी सुमारे ८९ टक्के बेटांचे क्षेत्रफळ गेल्या काही दशकांत स्थिर राहिले होते किंवा वाढले होते. या काळात समुद्र चढत होता, तरीही.

आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे मिळाले. ‘तीस वर्षांत बेटे बुडतील’ ही कल्पना चूक होती, कारण ती बेटाला निर्जीव दगड समजत होती. हे मान्य करण्यात विज्ञानाला कमीपणा नाही. पण म्हणून संकट नाही असे ठरत नाही. क्षेत्रफळ टिकले म्हणजे बेट राहण्याजोगे टिकले, असे नव्हे. त्यासाठी आपल्याला विहिरीकडे वळायला हवे.

गोड्या पाण्याचे भिंग

वाळूच्या बेटावर पडलेला पाऊस खाली मुरतो. खाली वाळूच्या फटींत समुद्राचे खारे पाणी आधीच भरलेले असते. गोडे पाणी हलके, खारे पाणी जड. त्यामुळे मुरलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्यात बुडून न जाता त्याच्यावर तरंगते. तरंगणाऱ्या बर्फाचा थोडा भाग वर आणि बराचसा खाली असतो, तसेच येथे होते. बेटाच्या मध्यभागी हा थर जाड आणि किनाऱ्याकडे पातळ असतो. आकार बहिर्वक्र भिंगासारखा दिसतो, म्हणून त्याला गोड्या पाण्याचे भिंग म्हणतात.

किती वर आणि किती खाली, याचा हिशेब आठवीतला विद्यार्थीही करू शकेल. गोड्या पाण्याची घनता १.००० आणि समुद्राच्या पाण्याची १.०२५ धरू. समुद्रपातळीच्या वर गोड्या पाण्याची उंची ‘उ’ आणि खाली खोली ‘ख’ असेल, तर खालच्या सीमेवर दोन्ही बाजूंचा दाब सारखा हवा.

१.००० × (उ + ख) = १.०२५ × ख

म्हणून ख = ४० × उ.

विहिरीतले पाणी समुद्रपातळीच्या २० सेंटिमीटर वर असेल, तर गोड्या पाण्याचा थर खाली ८ मीटरपर्यंत जाईल, असे हे सूत्र सांगते. प्रत्यक्षात भरती-ओहोटीमुळे सीमेवर गोडे आणि खारे पाणी मिसळत राहते. शिवाय खालचा जुना चुनखडक फार सच्छिद्र असल्याने प्रवाळद्वीपांवर हा थर सूत्रापेक्षा पातळच असतो. पण सूत्रातला धडा खरा आहे आणि तो उलट्या बाजूनेही लागू पडतो. उपसा जास्त करून विहिरीची पातळी कायमची ५ सेंटिमीटरने खाली आणली, तर खालचे खारे पाणी हळूहळू २ मीटर वर येऊ पाहते. राजधानी मालेमध्ये हेच झाले. दोन चौरस किलोमीटरच्या आसपासच्या बेटावर लाखाहून अधिक माणसे राहू लागली, उपसा वाढला आणि तिथले भूजल पिण्यालायक राहिले नाही. आज माले शहर समुद्राचे पाणी यंत्राने निःक्षार करून पिते.

आता सिंधुदुर्गाचा प्रश्न. तिथले बेट वाळूचे नसून खडकाचे आहे, त्यामुळे वरचे गणित तिथे जसेच्या तसे लागू नाही. पण मूळ तत्त्व तेच. कोकणातला भरपूर पाऊस खडकाच्या भेगांत साठतो, त्याची पातळी समुद्रापेक्षा वर राहते आणि त्या दाबामुळे खारे पाणी आत येऊ शकत नाही. पाऊस भरपूर आणि उपसा बेताचा, तोवर विहीर गोड राहते.

बेटाच्या रुंदीचा परिणाम तर आणखी महत्त्वाचा आहे. लांबट बेटासाठी सोपे प्रतिमान मांडले, तर भिंगाची जाडी बेटाच्या रुंदीच्या प्रमाणात असते. म्हणजे भिंगातले एकूण पाणी रुंदीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. समजा ३०० मीटर रुंदीचे बेट दोन्ही बाजूंनी ३०-३० मीटर झिजून २४० मीटर उरले. जमीन २० टक्के गेली. पाणी किती गेले? ०.८ चा वर्ग ०.६४, म्हणजे ३६ टक्के पाणी गेले. जमिनीपेक्षा पाणी लवकर संपते.

समुद्र का चढतो?

यामागे दोन मुख्य कारणे आहेत. पहिले म्हणजे पाणी तापले की प्रसरण पावते. समुद्राच्या वरच्या ५०० मीटर थराचे तापमान १ अंशाने वाढले असे समजू. उबदार समुद्रजलाचा प्रसरणांक ढोबळमानाने दर अंशाला ०.०००२ धरला, तर ५०० × ०.०००२ = ०.१ मीटर, म्हणजे १० सेंटिमीटर वाढ होते. बाजूंना पसरायला जागा नसल्याने ही सारी वाढ उंचीतच होते. दुसरे कारण म्हणजे जमिनीवरचा बर्फ वितळून त्याचे पाणी समुद्रात येते. १९७१ ते २०१८ या काळातल्या वाढीपैकी सुमारे निम्मी वाढ प्रसरणामुळे झाली, तर हिमनद्या आणि हिमस्तर यांचा मिळून वाटा सुमारे दोन पंचमांश होता.

हवामानबदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या सहाव्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धाचा आणि त्यापुढच्या दोन दशकांचा मिळून वेग वर्षाला सुमारे १.३ मिलिमीटर होता. २००६ ते २०१८ मध्ये तो ३.७ मिलिमीटर झाला. इ.स. २१०० पर्यंत, १९९५-२०१४ च्या सरासरीच्या तुलनेत, उत्सर्जन झपाट्याने कमी केले तर २८ ते ५५ सेंटिमीटर आणि फार वाढू दिले तर ६३ सेंटिमीटर ते सुमारे एक मीटर वाढ होण्याचा अंदाज आहे. निरोगी प्रवाळभित्ती वर्षाला काही मिलिमीटर वाढू शकते. शर्यत आजवर जवळपास बरोबरीची होती. आता एक धावपटू वेग वाढवतो आहे. आणि दुसरा? तो आजारी पडला आहे.

आजारी धावपटू

प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात. ती अन्न बनवून प्रवाळांना देतात आणि प्रवाळांचा रंगही त्यांच्यामुळेच असतो. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा अंश-दीड अंशाने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ ही शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. ताप लवकर उतरला तर ते सावरतात, लांबला तर उपासमारीने मरतात. १९९८ च्या एल् निनोच्या वर्षी मालदीवमधल्या उथळ पाण्यातले ९० टक्क्यांच्या आसपास प्रवाळ मेले. त्यातून सावरायला त्यांना दशकाहून अधिक काळ लागला. सावरतात न सावरतात तोच २०१६ साली पुन्हा तसेच झाले. तेव्हा पाहणी केलेल्या प्रवाळांपैकी सुमारे ७३ टक्के पांढरे पडले होते. जगाची तापमानवाढ १.५ अंशावर थांबली तरी उष्ण समुद्रातल्या प्रवाळभित्ती ७० ते ९० टक्क्यांनी घटतील आणि २ अंशांवर जवळपास नाहीशा होतील, असा त्याच मंडळाचा २०१८ चा निष्कर्ष आहे.

प्रवाळ मेले की पोपटमाशांना खरवडायला खडक काही काळ मिळतो, पण नवा खडक बनत नाही. वाळूचा पुरवठा मंदावतो. भित्तीचा खडबडीत माथा गुळगुळीत होतो आणि येणारी लाट पूर्वीइतकी मोडत नाही. पाणी थोडे वर, भित्ती थोडी खाली. दोन्हींची बेरीज किनाऱ्यावर येऊन आदळते.

थोड्या सेंटिमीटरांचे मोठे काम

एप्रिल १९८७ मध्ये मालेवर मोठ्या लाटा आल्या. शहरात वादळ नव्हते. हजारो किलोमीटर दूर, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने उठवलेल्या त्या लाटा होत्या. भर घालून वाढवलेली जमीन भित्तीच्या काठापर्यंत पोचलेली होती, त्यामुळे लाटांचा जोर मोडायला उथळ पट्टाच उरला नव्हता. बांधकामासाठी प्रवाळखडक काढल्यानेही भित्ती दुबळी झाली होती. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत छोट्या देशांवरच्या या संकटाकडे जगाचे लक्ष वेधले. १९८९ मध्ये मालेत छोट्या राष्ट्रांची परिषद भरली आणि १९९० मध्ये अशा देशांची संघटना उभी राहिली.

लाट ओसरते, पण ती विहिरीत काय सोडून जाते, हे महत्त्वाचे. बेटावरून पाणी वाहून गेले की मीठ वाळूतून खाली मुरते आणि भिंग वरून खारट होते. पुढच्या पावसाळ्यांनी ते हळूहळू धुऊन निघते. अशी लाट वीस वर्षांतून एकदा आली, तर बेट सावरते. दर दोन-तीन वर्षांनी आली तर धुऊन निघायला सवडच मिळत नाही. उष्ण कटिबंधात समुद्रपातळीचे रोजचे चढउतार तुलनेने लहान असतात. म्हणून तिथे सरासरी पातळी १०-२० सेंटिमीटरने वाढली, तरी पूर्वी क्वचित येणाऱ्या उंच पाण्याची वारंवारता दुपटीहून अधिक होते, असे २०१७ च्या एका अभ्यासाने दाखवले. मार्शल बेटांवरच्या दुसऱ्या अभ्यासाचा (२०१८) निष्कर्ष असा, की बेटे कायमची पाण्याखाली जाण्याच्या कितीतरी आधी, या शतकाच्या मध्याच्या सुमारास, दरवर्षीच्या लाटांमुळे अनेक अ‍ॅटॉलवरचे पिण्याचे पाणी निकामी होऊ शकते.

आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर हे. बेट बुडण्याची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. विहीर त्याच्या आधी बुडते.

भेद्यता म्हणजे काय?

हवामानशास्त्रात ‘भेद्यता’ हा शब्द वापरतात. एखादा समाज किती सहज घायाळ होऊ शकतो, याचे ते माप. त्याचे तीन घटक सांगता येतील. संकटाला तोंड किती उघडे आहे, त्याचा फटका किती खोल बसतो आणि सावरण्याची ताकद किती आहे. एकाच वर्गातल्या दोन मुलांचे उदाहरण घ्या. दोघेही पावसात भिजले, पण एक आधीच अशक्त आहे आणि दुसऱ्याच्या घरी कोरडे कपडे आणि गरम जेवण आहे. पाऊस एकच, परिणाम वेगळा.

मालदीवची परीक्षा २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने घेतली. त्सुनामीचा हवामानबदलाशी संबंध नाही, हे मुलांना आवर्जून सांगावे. पण भेद्यता कशी असते, ते तिच्यामुळे दिसले. शंभराहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. आर्थिक नुकसान देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या सुमारे ६२ टक्के होते. आपल्या एखाद्या किनारी जिल्ह्याचे असे नुकसान झाले, तर बाकीचा देश मदतीला उभा राहतो. मालदीवला बाकीचा देश नाही, सगळा देशच किनारा आहे. दैवाचा खेळ असा, की या देशाला ‘सर्वांत कमी विकसित’ गटातून वर काढण्याचा ठराव संयुक्त राष्ट्रांनी त्याच्या सहाच दिवस आधी केला होता. ती बढती मग २०११ पर्यंत पुढे गेली.

नंतर पाहणी केली, तेव्हा बेटांचा आकार फारसा बिघडलेला नव्हता. काही ठिकाणी तर बेटाच्या माथ्यावर नवी वाळू साचली होती. पण घरे मोडली होती आणि विहिरी खाऱ्या झाल्या होत्या. कंधोलुधू या दाटीवाटीच्या बेटावरच्या सगळ्या लोकांना गाव कायमचे सोडावे लागले. त्यांना दुवाफारू या पूर्वी वस्ती नसलेल्या बेटावर नवी घरे मिळायला सुमारे चार वर्षे लागली. बेट टिकले, गाव टिकले नाही.

दुसरा प्रसंग ४ डिसेंबर २०१४ चा. मालेच्या निःक्षारीकरण केंद्राला आग लागली आणि लाखभर लोकांचे नळ एकदम कोरडे पडले. शहराखाली पिण्यालायक भूजल उरलेले नव्हतेच. भारताने दुसऱ्याच दिवशी विमानांनी आणि पाठोपाठ नौदलाच्या जहाजांनी पाणी पाठवले. एका यंत्रावर सगळे शहर अवलंबून असणे हीसुद्धा भेद्यताच.

उपाय आणि त्यांची किंमत

मालेभोवती जपानच्या मदतीने काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांचा तट बांधला गेला. शेजारी १९९७ पासून समुद्रतळाची वाळू उपसून हुळूमाले हे नवे बेट भरले गेले. ते समुद्रपातळीच्या सुमारे दोन मीटर वर आहे आणि त्यावर आज हजारो कुटुंबे राहतात. म्हणजे उपाय आहेत. पण वाळू उपसताना उडणारा गाळ आसपासच्या प्रवाळांवर बसतो. तटाने लाट अडते, तशी वाळूची ये-जाही अडते. शिवाय १९० बेटांभोवती तट बांधायला पैसे कुठून आणायचे? मग लोकांनी मोठ्या बेटांवर यावे, असा विचार पुढे येतो. तो हिशेबाला बरोबर असेल. पण धरणाखाली गेलेल्या गावांची गोष्ट आपल्याला माहीत आहे. घर हलवता येते. मशीद, दफनभूमी, मासेमारीची ओळखीची जागा आणि शेजार हलवता येत नाही.

त्यातच न्यायाचा प्रश्न आहे. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात मालदीवचा वाटा एक टक्क्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी आहे. १७ ऑक्टोबर २००९ रोजी राष्ट्राध्यक्ष नशीद यांनी मंत्रिमंडळाची बैठक समुद्राच्या तळाशी घेतली. मंत्र्यांनी पाणबुड्यांचा पोशाख घालून जगाला आवाहन करणाऱ्या कागदावर सह्या केल्या. काहींना तो देखावा वाटला. पण अशा देशांच्या चिकाटीमुळेच २०१५ च्या पॅरिस करारात १.५ अंशाची मर्यादा आली आणि २०२२ मध्ये हानिभरपाईसाठी वेगळा निधी उभारण्याचे ठरले.

वर्गात करून पाहा

१. एका पेल्यात पाणी घेऊन त्यात बर्फाचे खडे तरंगत सोडा. दुसऱ्या पेल्यात पाण्याबाहेर डोके काढणारा दगड ठेवून त्यावर तेवढेच खडे ठेवा. दोन्ही पातळ्यांवर खूण करा. बर्फ वितळल्यावर कोणत्या पेल्यातली पातळी वाढली? ग्रीनलंडचा बर्फ कोणत्या पेल्यासारखा?

२. काचेच्या पसरट भांड्यात मधोमध उंचवटा करून धुतलेली वाळू भरा. कडेने मिठाचे संपृक्त द्रावण ओता. आता शाई घातलेले गोडे पाणी झारीने उंचवट्यावर हळूहळू शिंपडा. काचेतून रंगीत भिंग दिसू लागेल. मध्ये नळी घालून पिचकारीने पाणी ओढा आणि भिंगाचे काय होते ते पाहा.

३. पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्या-रांधण्यासाठी माणशी रोज १० लिटर पाणी लागते. शंभर कोरड्या दिवसांसाठी किती साठवावे लागेल? ५० चौरस मीटर छपरावर किती मिलिमीटर पाऊस पडला, तर ते भरेल? (उत्तर : ५,००० लिटर; १०० मिलिमीटर.) मालेत वर्षाला २,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मग अडचण पावसाची आहे, की टाकीची?

४. शाळा खाडीजवळ असेल, तर गावातल्या पाच विहिरी निवडा. खाडीपासूनचे अंतर आणि पाण्याची पातळी दिवाळीनंतर आणि वैशाखात नोंदवा. प्रत्येक विहिरीचे एक लिटर पाणी आटवून मागे किती क्षार उरतात, ते तोला. ही नोंदवही पुढच्या वर्षीच्या वर्गाच्या हाती द्या. दहा वर्षांनी ती गावाच्या उपयोगाची होईल.

चौथा प्रयोग आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कोकणच्या किनाऱ्यामागे सह्याद्री उभा आहे, मालदीवच्या मागे काहीच नाही. त्यामुळे आपली भेद्यता त्यांच्याएवढी नाही. पण खारे पाणी आत येण्याची रीत तीच आहे. ‘‘मालदीव अजून बुडले कसे नाही?’’ असे पुन्हा कोणी विचारले, तर त्याला शाबासकी द्यावी आणि उलट विचारावे, ‘‘तिथल्या विहिरीचं पाणी आता कसं लागतं?’’